कोगनोळीच्या नाक्यावर न थांबणारा पैसा

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँका बंद. कोल्हापुरात त्या दिवशी काही माणसं या एटीएममधून त्या एटीएममध्ये फिरत होती. कुणाला संशय यावा असं त्यात काही नव्हतं. कार्ड घालायचं, पिन दाबायचा, नोटा मोजून बाहेर पडायचं. पोलिसांनी नंतर मांडलेला हिशेब असा, की ९५ बनावट कार्डं वापरून एकट्या कोल्हापुरातून सुमारे ८९ लाख रुपये काढले गेले.

त्याच वेळी जगातल्या २८ देशांत हाच खेळ चालू होता. परदेशात व्हिसा कार्डांवर सुमारे १२,००० व्यवहार झाले, त्यात ७८ कोटी रुपये गेले. भारतात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहार झाले, त्यात अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका ट्रेडिंग कंपनीच्या खात्यावर पाठवले गेले. सगळे मिळून ९४ कोटी ४२ लाख. बँक होती पुण्याची कॉसमॉस. १९०६ साली स्थापन झालेली, महाराष्ट्रातल्या जुन्या आणि भरवशाच्या सहकारी बँकांपैकी एक.

चोरी कशी झाली ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा मशीन स्वतः काही ठरवत नाही. ते बँकेच्या स्विचला विचारतं, स्विच खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कोअर बँकिंगला विचारतो: या खात्यात एवढे पैसे आहेत का? चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून मध्येच एक तोतया स्विच उभा केला. आता प्रश्न कोअर बँकिंगपर्यंत पोचतच नव्हता. तोतया प्रत्येक वेळी परस्पर 'द्या' म्हणत होता. म्हणूनच एकाही खातेदाराच्या शिलकीतून रुपया कमी झाला नाही. जे गेलं ते बँकेचं गेलं. कुलूप फोडलं नव्हतं, तिजोरीला हात लागला नव्हता. होकार कुणी द्यायचा, एवढी एकच गोष्ट चोरांनी बदलली होती.

यातलं दुःख असं, की अमेरिकेच्या एफबीआयनं त्याच सुमारास जगभरच्या बँकांना एटीएम लुटीचा इशारा दिलेला होता. पैसे काढायला फिरणाऱ्यांपैकी काहींना तर आपण सिनेमात एक्स्ट्रा म्हणून काम करतोय असं सांगितलं गेलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. ते सगळे खालच्या पायरीवरचे. वरचे कोण? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ च्या अहवालात कॉसमॉसचं प्रकरण उत्तर कोरियाच्या सायबर हल्ल्यांच्या यादीत घातलं. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर लांबवणारी टोळीही तिकडचीच मानली जाते. प्योंगयांगमध्ये आखलेला बेत, पुण्यातली बँक आणि नोटा काढणारे हात कोल्हापुरात.

आणि कोल्हापूर म्हणजे कर्नाटकातल्या निपाणीहून तासाभराच्या आतलं गाव.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या धंद्याचा नकाशा कागदावरच्या नकाशाशी कधीच जुळला नाही. निपाणीच्या देवचंद कॉलेजचा पत्ताच अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर असा आहे. तंबाखूची वखार कर्नाटकात, व्यापाऱ्याचं जुनं खातं कोल्हापूरच्या बँकेत, मुलगा पुण्यात, सीए बेळगावात. संकेश्वरची मिरची, शहापूर-वडगावच्या साड्या, बेळगावच्या उद्यमबागेतलं कास्टिंग, हत्तरगीच्या एक्वसमध्ये घडणारे विमानांचे भाग, सगळं एकाच महामार्गावरून वरखाली होतं. सीमेजवळच्या कोगनोळीच्या टोलनाक्यावर ट्रक थांबतो. पैसा थांबत नाही, आणि पैशामागे निघालेला चोरही थांबत नाही. थांबते ती तक्रार. तिच्याकडे पुढे येऊच.

सीमाभागातल्या व्यापाराला इंधन पुरवतात त्या क्रेडिट सोसायट्या. बेळगावच्या एखाद्या गल्लीत उभं राहिलं तर नजरेच्या टप्प्यात दोन-तीन क्रेडिट सोसायट्यांचे फलक सापडतील. संध्याकाळी पिग्मी एजंट येतो, दुकानदार गल्ल्यातले शे-दोनशे काढून देतो. रोजच्या छोट्या बचतीची ही पिग्मी पद्धत १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केली आणि कर्नाटकात ती अशी मुरली, की सीमाभागातल्या मराठी दुकानदाराला तो शब्द परका वाटत नाही. पूर्वी एजंटाच्या हातात चोपडी असायची. आता छोटं मशीन किंवा मोबाइलमधलं अ‍ॅप असतं. ते अ‍ॅप कुणी बनवलं, त्याचा सर्व्हर कुठे आहे, त्याचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे, हे संचालक मंडळाला विचारून बघावं. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं: "ते सॉफ्टवेअरवाला बघतो."

या एका वाक्यात सगळा धोका आहे. कॉसमॉसनंतर रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट आखली. डिसेंबर २०१९ मध्ये बँकेचा डिजिटल व्याप जेवढा मोठा तेवढे नियम कडक, अशी चार पातळ्यांची रचना केली. पण ती बँकांसाठी. कर्नाटकच्या सौहार्द सहकारी कायद्याखालच्या, राज्य सहकार कायद्याखालच्या किंवा मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या रिझर्व्ह बँकेच्या छत्रीखाली येत नाहीत. पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकेतल्या ठेवीला असतं, सोसायटीतल्या ठेवीला नसतं. काउंटर, पासबुक, गणवेशातला शिपाई सगळं बँकेसारखं दिसतं, म्हणून ठेवीदाराला हा फरक जाणवत नाही. व्याज अर्धा टक्का जास्त मिळतं, एवढं मात्र लगेच जाणवतं.

बँकांचंही सगळं आलबेल आहे असं नाही. ३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. त्यातल्या बहुसंख्य सहकारी किंवा ग्रामीण बँका. त्यांच्यावर कुणी थेट हल्ला केला नव्हता. हल्ला झाला त्यांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीशी संबंधित यंत्रणेवर. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर आत आलं, आणि सुरक्षा अभ्यासकांच्या मते तेही सी-एजला सेवा देणाऱ्या आणखी एका लहान कंपनीच्या नीट न बसवलेल्या सर्व्हरमधून. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं सी-एजला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडलं. सी-एज टीसीएस आणि स्टेट बँक यांची भागीदारीतली कंपनी होती. म्हणजे मोठं नाव मागे असलं तरी दार कुठल्या तिसऱ्याच घराचं उघडं राहील, सांगता येत नाही.

मग जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातच बळ्ळारी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं प्रकरण झालं. ग्राहकांनी आरटीजीएस-एनईएफटीनं पाठवलेले पैसे पलीकडे पोचेनात. शोध घेतल्यावर कळलं, की पैसे पाठवण्यासाठी ही बँक दुसऱ्या मोठ्या बँकेकडे ज्या फायली धाडते, त्या वाटेतच कुणी तरी उघडून त्यातले खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड बदलत होतं. पाठवणाऱ्याचं नाव बरोबर, रक्कम बरोबर, फक्त खातं भलतंच. २ कोटी ३४ लाख रुपये असे वळवले गेले. पुन्हा तेच, कुलूप शाबूत आणि कागद बदललेला.

हे चाललं कसं, असं वाचणाऱ्याला वाटेल. आपल्याकडे वर्षानुवर्षं आरटीजीएस आणि एनईएफटीत पैसे जमा व्हायचे ते खाते क्रमांकावर. नाव जुळतं का, हे कुणी पाहत नव्हतं. अर्जावर 'मे. अमुक ट्रेडर्स, निपाणी' असं ठळक लिहिलं तरी यंत्राच्या लेखी ते नाव शोभेचं होतं. रिझर्व्ह बँकेनं ३० डिसेंबर २०२४ रोजी आदेश काढून बँकांना सांगितलं, की १ एप्रिल २०२५ पर्यंत खाते क्रमांक टाकल्यावर खातेदाराचं खरं नाव दाखवण्याची सोय द्या. उशिरा का होईना, व्यापाऱ्याच्या हातात आलेली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, असं माझं मत. पण ती सोय वापरायची तर पैसे पाठवणाऱ्यानं क्षणभर थांबून नाव वाचलं पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर वीस पार्ट्यांना पैसे सोडणारा दिवाणजी थांबतो का, हा प्रश्न वेगळा.

थांबणं अवघड जातं, कारण इथला धंदाच शब्दावर चालत आलेला आहे. निपाणीच्या तंबाखूच्या व्यवहारात फोनवर भाव ठरला की ट्रक सुटतो, कागद मागाहून होतो. उधारी दोन-दोन महिने. दलालाचा आवाज ओळखीचा, त्याच्या वडिलांचाही ओळखीचा. ही पद्धत मागासलेली मुळीच नाही. तिनं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेरीचा खर्च वाचवला. पण तिची सगळी भिस्त आवाजावर आणि ओळखीवर, आणि आता नेमक्या त्याच दोन गोष्टींची नक्कल करता येते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं उदाहरण पुरेसं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या वित्त संचालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आले. डीपी आणि नाव अदर पूनावाला यांचं. अमुक खात्यांवर तातडीनं पैसे पाठवा. १ कोटी १ लाख रुपये गेले. मग लक्षात आलं, की पूनावालांनी असा निरोप पाठवलाच नव्हता. जगाला लशी पुरवणाऱ्या कंपनीत हे घडतं, तर 'मालक बोलले' एवढ्यावर चेक फाडणाऱ्या पेढीचं काय? शिकण्यासारखी गोष्ट अशी, की या चोरीला कसलंही हॅकिंग लागलं नाही. लागलं ते मालकाला उलटा फोन करून विचारायचा संकोच असलेलं ऑफिस.

उद्यमबागेतल्या निर्यातदारांना हाच प्रकार ईमेलवर भेटतो, आणि तो जास्त घातकी असतो. चोर मेलबॉक्समध्ये शिरतो आणि गप्प बसून महिनोन्‌महिने पत्रव्यवहार वाचतो. कुणाशी काय भाव, बिल कधी निघतं, सही कोण करतं, सगळं शिकतो. मग नेमक्या बिलाच्या दिवशी परदेशी ग्राहकाला आपल्याच नावानं पत्र जातं: आमची बँक बदलली, या नव्या खात्यावर पैसे पाठवा. पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. ग्राहक पैसे भरतो, आपण वाट बघतो, आणि उलगडा होईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. यावर उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. करारातच एक ओळ घालावी, की खातं बदलल्याची सूचना मेलवर ग्राह्य धरली जाणार नाही. दोन्हीकडच्या ठरलेल्या माणसांनी जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर बोलूनच ती पक्की होईल. या ओळीला एक पैसा खर्च नाही. मेलबॉक्सला पासवर्डसोबत दुसरी खातरजमा लावायलाही नाही.

बेळगावच्या कारखानदारीला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथे सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. रस्त्याला त्यांचं नाव उरलं आणि गावाला लोखंडाची खोड. आजचा लहान कारखानदार त्याच वंशातला आहे. मशीनचा आवाज बदलला की बेअरिंग कुठलं गेलं ते सांगेल. पण ऑफिसातल्या संगणकाकडे तो टेबल-खुर्चीसारखं बघतो. बिघडेपर्यंत चालवायचा. घरून टॅली बघता यावी म्हणून कुणी तरी राउटरमधून संगणकाला थेट बाहेरचा रस्ता काढून दिलेला असतो, आणि तो रस्ता चोवीस तास जगाला उघडा असतो. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर 'क्रॅक' केलेलं. त्या क्रॅकसोबत काय आत आलं, कुणी पाहिलेलं नसतं. बॅकअप असतो, पण त्याच संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर. रॅन्समवेअर आलं की मूळ आणि बॅकअप दोन्ही एकाच रात्री कुलूपबंद होतात. अँटिव्हायरस असतो, मुदत संपलेला. तो अनेकदा पुण्याच्या क्विक हीलचा असतो, म्हणजे कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या साताऱ्याच्या कैलास काटकरांच्या कंपनीचा. घरचं औषध हाताशी आणि ते मुदतबाह्य.

ही भीती पोकळ नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यानं मर्स्क ही जहाज कंपनी जगभर ठप्प केली आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्याशी संलग्न टर्मिनल अडकलं. युक्रेनसाठी सोडलेल्या घातक प्रोग्रामनं उरणजवळ कंटेनरच्या रांगा लावल्या. बेळगावचं कास्टिंग परदेशी जातं ते अशाच बंदरांच्या वाटेनं. त्याहून बोलकं उदाहरण इंग्लंडमधल्या केएनपी या वाहतूक कंपनीचं. १५८ वर्षांचा धंदा, शेकडो ट्रक. २०२३ मध्ये एका कर्मचाऱ्याचा दुबळा पासवर्ड ओळखून चोर आत शिरले आणि सगळा हिशेब कुलूपबंद केला. कंपनी बुडाली, सुमारे ७०० जणांची नोकरी गेली. ट्रक जागेवर होते, चालक होते, माल होता. कुणाचं किती येणं आहे, एवढंच कळेनासं झालं. सीमाभागातल्या कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मग करायचं काय? तज्ज्ञ लांबलचक याद्या देतात आणि त्या भिंतीवर चिकटून राहतात. माझ्या मते लहान धंद्यानं सुरुवात एका वहीपासून करावी. आपल्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते लिहून काढावं. टॅलीचा पासवर्ड कुणाकडे, जीएसटी पोर्टलचा कुणाकडे, नेटबँकिंगचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, डिजिटल सहीचा टोकन सीएच्या ड्रॉवरमध्ये का पडून आहे, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं लॉगिन अजून चालू आहे का. ही यादी करायला बसलेला मालक तासाभरात अस्वस्थ होतो. ती अस्वस्थता महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा कामाची. त्यानंतर आठवड्याला एक बॅकअप, संगणकापासून सोडवून कपाटात ठेवलेला, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो खरोखर उघडतो का ते पाहणं. मोठ्या रकमेला दोन माणसांची मंजुरी, आणि दोघांचे मोबाइल वेगळे. नवरा-बायको भागीदार असतील तर हे जास्तच, कारण तिथे दोघांचे पासवर्ड बहुधा एकच असतात.

दुकानदाराचं दुखणं वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रात्रीतून दुकानांच्या, पेट्रोल पंपाच्या क्यूआर कोडवर दुसरेच कोड चिकटवले गेले. गिऱ्हाइकाच्या फोनवर भलतंच नाव दिसल्यानं ते उघडकीस आलं. सकाळी शटर उघडल्यावर स्वतःच्याच कोडवर एक रुपया टाकून पाहणं, एवढंच याचं उत्तर. व्हॉट्सअ‍ॅपवर 'वाहनाचा दंड' किंवा 'लग्नाची पत्रिका' म्हणून एपीके फाइल येते, ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात. जीएसटीच्या नावानं खोटी नोटीस येते. केंद्रीय जीएसटी कार्यालयाच्या खऱ्या पत्रावर २०१९ पासून ओळख क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. बँकांची संकेतस्थळं आता 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर आणली गेली आहेत. शेवट वेगळा दिसला की हात मागे घ्यावा. आणि जमिनीचा दस्त करणाऱ्यांसाठी एक: २०२३ मध्ये कर्नाटकात नोंदणीच्या दस्तांवरून बोटांचे ठसे उचलून आधारद्वारे पैसे काढल्याच्या तक्रारी आल्या. आधारचं बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवणं हा त्यावरचा उपाय, आणि तो फुकट आहे.

आता तक्रारीकडे. २०२४ या एका वर्षात भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये सायबर चोरीत गेले, असा आकडा केंद्र सरकारनं संसदेत दिला. त्यातला वाचतो तो पैसा पहिल्या तासा-दोन तासांतल्या तक्रारीचा. १९३० हा क्रमांक देशभर एकच आहे. तो फिरवला की बँकांची साखळी जागी होते आणि पुढच्या खात्यात पैसा सापडला तर तिथेच अडवला जातो. पण सीमाभागातला माणूस पहिला तास विचारात घालवतो. खातं कोल्हापूरचं, दुकान निपाणीचं, मग तक्रार कुठे? कोल्हापूरच्या सायबर ठाण्यात, की बेळगावच्या सीईएन ठाण्यात, जे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ अशा तिन्हींसाठी आहे? त्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाणार, सही करण्याआधी ती कुणाकडून वाचून घ्यायची, ही काळजी. खरं तर १९३० ला हद्द नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही फिर्याद कुठल्याही ठाण्यानं नोंदवून घ्यायची आहे, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं कळवली तरी. फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. कंपन्यांना वेगळी जबाबदारी आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं. उद्यमबागेतल्या किती कंपन्यांच्या भिंतीवर हा नियम लागला आहे, बघायला हवं. संगणक यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस सांभाळायच्या, हे त्याच निर्देशात आहे.

बेळगाव नेहमी लुटलं जाणारंच आहे असंही समजू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये शहराच्या आझमनगर भागात पोलिसांनी एका बोगस कॉल सेंटरवर छापा घालून ३३ जणांना पकडलं; तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात होते. कोल्हापुरात कार्डं घेऊन फिरणारे असोत वा इथे हेडफोन लावून बसणारे, पगारावर राबणारी माणसं या धंद्याला आपल्याच गावांतून मिळतात. चालू खातं महिन्याच्या भाड्यानं देणारेही मिळतात. 'तुमचं खातं वापरू द्या, कमिशन घ्या' असं कुणी म्हणालं तर तो चोरीचा माल लपवायला वखार मागतोय, एवढं व्यापाऱ्याला कळायला हवं.

आणि खातं भाड्यानं न देताही तो अडकू शकतो. कुणी तरी दुकानात येतो, माल घेतो, यूपीआयनं पैसे देतो. ते पैसे चार खाती फिरून आलेले, चोरीचे असतात. आठ दिवसांनी दूरच्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र येतं आणि बँक दुकानदाराचं सगळंच खातं गोठवते. चार हजारांच्या विक्रीपायी चार लाख अडकतात. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशा प्रकरणांत बँकांना वादातली तेवढीच रक्कम रोखायला सांगितलं होतं. ज्याच्याकडे त्या विक्रीचं बिल, ई-वे बिल, पोचपावती आणि माल नेणाऱ्याचा नंबर असतो, त्याला ते पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याशी बोलायला काही तरी हातात असतं. शब्दावर ट्रक सोडणाऱ्याकडे नसतं.